जुना वन बीएचके घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि कमवायचं : पहिल्यांदा उतरताय तर आधी हिशोब बघा

नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही पुण्यात बिबवेवाडीला एक जुना वन बीएचके घेतला. १९९० च्या आसपासची बिल्डिंग, पार्किंगवर तीन मजले, लिफ्ट नाही, फ्लॅट पहिल्या मजल्यावर, कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, साधारण साडेचारशे फूट. डोक्यात प्लॅन असा की चार महिन्यांत चकाचक करायचा आणि विकून मोकळं व्हायचं, यूट्यूबवर अमेरिकेतली मंडळी करतात ना, सेम तसं. फ्लॅट अजून आमच्याकडेच आहे. भाड्याने दिलाय. तो चार महिन्यांत का विकला नाही हे कळलं की या धंद्याचं अर्धं गणित कळतं, म्हणून आधी आकडे टाकतो आणि मग पायऱ्या.

खरेदी ४१ लाख. बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला म्हणून स्टँप ड्युटी ६ टक्के, म्हणजे २ लाख ४६ हजार (पुरुषाच्या नावावर असता तर पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के). रजिस्ट्रेशन ३० हजार, ब्रोकर १ टक्का म्हणजे ४१ हजार, वकील १५ हजार, सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम २५ हजार आणि वर प्रवेश फी, ट्रान्सफर फी मिळून ६०० रुपये. दुरुस्ती ४ लाख ६० हजार. कर्ज ३० लाखांचं ८.७५ टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला जवळजवळ २२ हजार नुसतं व्याज, काम चालू असतानाचे चार महिने धरले तर साडेसत्त्याऐंशी हजार. बेरीज करा, ५० लाखांच्या वर पाच हजार. त्याच बिल्डिंगमधला नीट केलेला फ्लॅट तेव्हा ५२ ला गेला होता. विकताना परत ब्रोकरला एक टक्का, म्हणजे हातात राहिले जेमतेम १ लाख ४० हजार, आणि दोन वर्षांच्या आत विकलं तर तो नफा तुमच्या पगारात मिळवून स्लॅबप्रमाणे टॅक्स. चार महिने रोज ऑफिसआधी साईटवर जाऊन, गवंड्याशी भांडून, लाखभर रुपये!

म्हणजे गडबड दुरुस्तीत नव्हती, खरेदीतच होती. आपल्याकडे विकत घेतानाच सात-आठ टक्के सरकार आणि ब्रोकर घेऊन जातात, त्यामुळे फ्लॅट स्वस्तात मिळाला नसेल तर कितीही भारी टाईल्स लावा, तो खर्च भरून निघत नाही. आणि जमेल तिथे दोन वर्षं धरून ठेवायचा, तोवर भाडं खायचं. पुढचं सगळं या दोन गोष्टी धरूनच लिहितोय.

पहिली पायरी : खिशात नक्की किती लागतात

लोक म्हणतात बँक ८० टक्के देते, म्हणजे ४० लाखाच्या घराला ८ लाख असले की झालं. नाही होत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, पण ही वरची मर्यादा आहे, हक्क नाही. जुन्या बिल्डिंगला बँकेचा व्हॅल्युअर येतो, बिल्डिंगचं उरलेलं आयुष्य बघतो आणि व्हॅल्युएशन कमी लावतो किंवा कर्जाची मुदतच कमी करून टाकतो. स्टँप ड्युटी, रजिस्ट्रेशन, ब्रोकर, सोसायटी हे सगळं स्वतःच्या खिशातून, आणि दुरुस्तीचा खर्चही सहसा आपलाच. आमचे रोख असे साधारण २० लाख लागले, ४१ च्या घराला. एवढे नसतील तर छोटं घर बघा नाहीतर भावाबहिणीबरोबर मिळून घ्या, पण क्रेडिट कार्डवर आणि पर्सनल लोनवर बाथरूम करू नका, प्लीज.

बायकोच्या नावावर घेताना एक गोष्ट. पैसे सगळे नवऱ्याचे आणि नाव बायकोचं असेल तर भाडं आणि नफा नवऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. आमच्याकडे ती नोकरी करते आणि हप्ता तिच्याच खात्यातून जातो म्हणून प्रश्न नव्हता. एक टक्क्याच्या सवलतीसाठी नुसतं नाव टाकायच्या आधी सीएशी बोला.

दुसरी : एरिया एकच पकडा

नवीन माणूस रविवारी धायरी, पुढच्या रविवारी चिंचवड, मग कोणीतरी सांगितलं म्हणून तळेगाव असा फिरतो आणि सहा महिन्यांनी त्याला कुठलाच भाव कळलेला नसतो. स्कूटरवर दहा मिनिटांत जाता येईल असा एकच पट्टा घ्या. दुरुस्ती चालू असताना रोज जावं लागतं हा एक भाग, आणि दुसरं म्हणजे एकाच गल्लीतले वीस फ्लॅट बघितल्यावर एकविसावा बघताना जिना चढतानाच अंदाज येतो की हा काय किमतीचा आहे.

भाव ब्रोकरला विचारू नका, म्हणजे विचारा पण धरू नका. झालेल्या व्यवहारांच्या सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, महाराष्ट्राच्या नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर शोधता येतात, त्यात कागदावरची किंमत असते. शिवाय रेडी रेकनर, म्हणजे त्या भागाचा सरकारी दर, बघा, कारण त्याच्यापेक्षा फार खाली व्यवहार केला तरी स्टँप ड्युटी रेडी रेकनरवरच बसते आणि दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर इन्कम टॅक्सवाले दोघांनाही धरू शकतात. जुन्या बिल्डिंगला वयाप्रमाणे घसारा, म्हणजे त्या दरात कपात, मिळते, बिल्डिंगच्या वयाचा पुरावा द्यावा लागतो, त्याबद्दल वकिलाला आठवणीने विचारा. आमच्या ब्रोकरला हे माहीतच नव्हतं.

आणि माणसांना विचारा. खाली इस्त्रीवाला असतो, त्याला सगळं माहीत असतं. कोण भाडेकरू, कोण मालक, पाणी कधी येतं, चेअरमन आणि सेक्रेटरीचं बोलणं बंद आहे का. मी एका बिल्डिंगला नाही म्हटलं ते फक्त इस्त्रीवाल्याने "दादा, उन्हाळ्यात इथे रोज टँकर" एवढं म्हटलं म्हणून.

कुठला फ्लॅट? लिफ्ट नसेल तर पहिला नाहीतर दुसरा मजला, आणि टेरेसच्या खालचा पहिल्यांदा तरी नको. नियमाने पावसाचं गळणं, बाहेरच्या पाईपचं गळणं, टेरेसमुळे वरच्या मजल्याच्या छताचं नुकसान हे सगळं सोसायटीने करायचं असतं, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते मंजूर होईपर्यंत तीन पावसाळे जातात. आणि "रिडेव्हलपमेंटला जाणार आहे" हे वाक्य ऐकलं की त्याचे शून्य रुपये धरा. ५१ टक्के सभासद हो म्हणायला, बिल्डर मिळायला, परवानग्या यायला किती वर्षं जातील कोणी सांगू शकत नाही. झालं तर बोनस, आणि उलट खरंच दोन वर्षांत होणार असेल तर तुम्ही केलेली चार लाखांची दुरुस्ती जेसीबीखाली जाणार.

बँकेच्या लिलावातले फ्लॅट स्वस्त दिसतात, दिसतातच. पण तिथे सगळं "जसं आहे तिथे, जसं आहे तसं" असतं. राखीव किमतीच्या दहा टक्के अनामत, बोली लागली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी एकूण २५ टक्के भरायचे आणि विक्री पक्की झाल्यावर उरलेले ७५ टक्के पंधरा दिवसांत. एवढ्यात कर्ज मंजूर होणं अवघड. त्यात ताबा कागदोपत्रीच असेल आणि आत जुना मालक कुटुंबासकट राहत असेल तर पुढची दोन वर्षं कोर्टात. पहिला फ्लॅट लिलावात घेऊ नका, तिसरा घ्या.

तिसरी : घर बघायला जाताना

इथे मी फसलो, म्हणून इथे जरा वेळ थांबतो.

विकणाऱ्याने घर पंधरा वर्षांच्या जुन्या रंगात ठेवलेलं. हॉलला पिवळट झालेलं डिस्टेंपर, बेडरूममध्ये कोणीतरी मुलाने पेनने काढलेली गाडी, किचनमध्ये फोडणीचा काळा धूर भिंतीवर. आणि बाथरूमचं छत पांढरंशुभ्र. मी ते बघितलं, चक्क बघितलं, आणि मनात म्हटलं की चला, एक काम कमी! घर सगळं मळकं आणि फक्त बाथरूमचं छत नवीन, तिथे माणसाने आधी स्टूल मागायला पाहिजे. डिसेंबरमध्ये तोडफोड सुरू केली, गवंड्याने हातोडीची मागची बाजू लावली आणि पोपडा पडला, आत सळई गंजून फुगलेली, काँक्रीट भिजलेलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमची नहाणी ट्रॅप (फरशीतली पाणी जायची जागा) कित्येक वर्षं गळत होती.

तर आता मी असा जातो : खिशात दहाचं नाणं, टॉर्च, टेप, टेस्टर. नाण्याने टाईल्स आणि छताचं प्लास्टर वाजवत फिरायचं, पोकळ आवाज आला की खडूने खूण करायची, विकणाऱ्याला राग आला तरी चालेल. टॉर्च भिंतीला चिकटून आडवी धरायची, फुगवटे आणि भेगा सावलीत लगेच दिसतात. बाथरूमच्या भिंतीची मागची बाजू, म्हणजे बेडरूममधून, खालून एक फूट हात लावून बघायची. तिथे कपाट ठेवलेलं असेल तर कपाट सरकवायला सांगायचं. कॉलम आणि बीमला उभी भेग सळईच्या रेषेत असेल तर ते रंगाचं काम नाही, स्ट्रक्चरचं आहे. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातली तिरकी बारीक भेग बऱ्याचदा साधी असते, तिला घाबरू नका. टेपने कार्पेट स्वतः मोजा, जुन्या ॲग्रीमेंटमध्ये बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, लिहिलेलं असतं आणि ब्रोकर त्याच्यापुढे स्वतःचं काहीतरी लावून सांगतो.

पाणी सुटायच्या वेळी एकदा जा. सगळे नळ एकदम उघडा. जुन्या घरात जीआयचे म्हणजे लोखंडी पाईप असतात, ते आतून गंजून अर्धे बुजतात, किचनचा नळ चालू केला की बाथरूमची धार करंगळीएवढी होते. मीटरचा बोर्ड बघा, पोर्सिलीनचे फ्यूज आणि कापडी वायर असेल तर पूर्ण वायरिंग करायचं असं धरूनच चाला. वरच्या आणि खालच्या घरात जाऊन या. खालच्या घरात तर जाच, कारण तुमचं बाथरूम त्यांच्या छतात गळत असेल तर ती भांडणाची फाईल फ्लॅटबरोबर तुमच्या नावावर होते.

पावसाळ्यात बघितलेलं घर सगळ्यात खरं. जुलैत बघा, दिवाळीनंतर घ्या.

सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट मागा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर पाच वर्षांनी आणि ३० च्या वरच्या बिल्डिंगचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. बऱ्याच ठिकाणी झालेलंच नसतं, पण झालं असेल आणि त्यात पाच-सात लाखांची दुरुस्ती दर फ्लॅटमागे येणार असेल तर ती तुम्हीच भरणार.

चौथी : कागद

वकील स्वतःचा करा, ब्रोकरच्या ओळखीतला नको. पंधरा-वीस हजार जातात, जाऊ देत. त्याने काय बघायचं ते थोडक्यात : बिल्डरने पहिल्याला विकला तेव्हापासून आजपर्यंतची ॲग्रीमेंटची अख्खी साखळी ओरिजिनल, तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदींची तपासणी, शेअर सर्टिफिकेटवर मागची सगळी नावं क्रमाने, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं नो ड्यूज, मिळकत कराची पावती, महावितरणचं बिल, आणि विकणाऱ्यावर कर्ज असेल तर बँकेकडून कागदपत्रांची यादी आणि कर्ज बंद करायला नक्की किती लागतील याचं पत्र. कर्ज असेल तर तुमचा चेक आधी त्या बँकेच्या नावाने जातो, विकणाऱ्याच्या हातात नाही. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स किंवा डीम्ड कन्व्हेयन्स, हेही विचारा. नसेल तर लगेच पळून जायचं असं नाही, पुण्यात निम्म्या जुन्या सोसायट्यांचं रडगाणं तेच, पण भाव करताना वापरायचं.

यात दोन ठिकाणी नवीन लोक हमखास अडकतात. एक म्हणजे वारस. मालक वारले, सोसायटीने नॉमिनीच्या म्हणजे मोठ्या मुलाच्या नावावर सर्टिफिकेट केलं आणि तो म्हणतो मीच मालक. नॉमिनी मालक होत नाही. बहीण नांदेडला असो नाहीतर न्यू जर्सीला, तिची सही पाहिजे, नाहीतर तिचं रजिस्टर्ड हक्कसोडपत्र. दुसरं म्हणजे विकणारा परदेशात राहणारा असणं, जे पुण्यात दर तिसऱ्या जुन्या फ्लॅटला असतं असं मला वाटायला लागलंय. इथला मालक असेल तर ५० लाख किंवा त्याच्या वरच्या व्यवहारावर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, त्याच्या खाली काही नाही. पण विकणारा अनिवासी असेल तर ५० लाखांची मर्यादा लागू होत नाही आणि टीडीएस बराच जास्त कापावा लागतो, नाही कापला तर वसुली तुमच्याकडून! पॉवर ऑफ ॲटर्नी घेऊन त्यांचा भाचा समोर बसतो आणि तो भाचा इथलाच असतो, म्हणून हे लक्षातच येत नाही. मालक कुठे राहतो हे लेखी घ्या.

सोसायटीने ट्रान्सफरसाठी डोनेशन मागितलं तर घाबरू नका. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार आहे, शासनाचं २००१ चं परिपत्रक आहे. आमच्याकडे "बिल्डिंग फंड" म्हणून एक लाखाचा आकडा आला होता. मी भांडलो नाही, फक्त म्हटलं, काका, पत्रावर लिहून द्या, मी चेक देतो. पत्र आलं नाही.

पाचवी : उलटा हिशोब आणि मग बोली

भाव वरून खाली उतरवत आणायचा नाही, विक्रीपासून मागे यायचं. आमचाच फ्लॅट घेऊ. नीट केल्यावर ५२ ला जाईल. त्यातून विक्रीचा ब्रोकर ५२ हजार काढा. दुरुस्ती ४ लाख ६० हजार काढा, आणि दुरुस्ती नेहमी वाढते म्हणून वर २० टक्के, म्हणजे साधारण ९० हजार धरून अजून काढा. व्याजाचे ९० हजार. तुम्हाला हवा असलेला नफा, समजा ५ लाख. वकील, रजिस्ट्रेशन, सोसायटी मिळून ७१ हजार. उरले साधारण ३९ लाख ३७ हजार. यात खरेदीची किंमत आणि तिच्यावरची ६ टक्के स्टँप ड्युटी, १ टक्का ब्रोकर बसायला पाहिजे, म्हणून १.०७ ने भागा. उत्तर येतं ३६ लाख ८० हजारच्या आसपास.

आम्ही ४१ दिले. विकणारा ४६ सांगत होता, पाच लाख कमी केले म्हणून मी संध्याकाळी घरी पेढे घेऊन गेलो होतो.

हा आकडा वहीत लिहून ठेवा आणि ब्रोकरने "दुसरी पार्टी आलीय" म्हटलं की वही उघडा. दुरुस्तीची एकेक गोष्ट दाखवून भाव करा, फोटोसकट, म्हणजे समोरच्याला अपमान वाटत नाही. विसार द्याल तो चेकने किंवा ऑनलाईन, आणि पावतीवर स्पष्ट लिहा की सर्च आणि कर्ज यात अडचण आली तर पैसे परत. "थोडे रोख द्या" म्हटलं तर उठा, घराच्या व्यवहारात २० हजार किंवा वर रोख घेणं-देणं हे कायद्यानेच अडचणीचं आहे, आणि शिवाय जो रोख भाग कागदावर नाही तो पुढे विकताना तुमच्या खर्चात धरता येत नाही. रिसेलवर जीएसटी नसतो, तेवढं एक सुख.

सहावी : दुरुस्ती, आणि तिचा क्रम

आधी सोसायटीला अर्ज. कामाच्या वेळा, राडारोडा कुठे टाकायचा, लिफ्ट असेल तर माल कसा न्यायचा, डिपॉझिट किती. भिंती पाडून ओपन किचन वगैरे करायच्या आधी इंजिनिअर दाखवा. जुन्या बिल्डिंगमध्ये नऊ इंची भिंत वजन घेणारी असू शकते, आणि बीम-कॉलमला कोणीही हात लावायचा नाही, गवंडी "काय नाय होत साहेब" म्हणाला तरी.

क्रम असा : तोडफोड, स्लॅबची आणि सळईची दुरुस्ती, प्लंबिंग, वायरिंगचं खाचकाम, वॉटरप्रूफिंग, फरशी आणि डॅडो (भिंतीवरच्या टाईल्स), ओटा, खिडक्या-दारं, पुट्टी, रंग आणि सगळ्यात शेवटी नळ आणि स्विच. क्रम मोडला की पैसे दोनदा जातात. आमच्याकडे इलेक्ट्रिशियन गावाला गेला म्हणून फरशीवाला आधी लावला, आणि मग किचनच्या नव्याकोऱ्या डॅडोत चिमणीच्या पॉइंटसाठी खाच मारावी लागली.

सळईचं काम : सैल काँक्रीट पूर्ण झोडून काढायचं, गंज तारेच्या ब्रशने घासायचा, गंजरोधक लावायचं आणि मग पॉलिमर मिसळलेला मॉर्टर. नुसतं सिमेंट थापलं तर दोन पावसाळ्यांत परत पडतं. प्लंबिंगमध्ये जीआय पूर्ण काढून सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकचे पाईप. अर्धं जुनं अर्धं नवं ठेवू नका, जोडातच गळतं. वायरिंगला लाईट-पंख्याला दीड स्क्वेअर एमएम, प्लगला अडीच, गीझर आणि एसीला चार, अर्थिंग तपासून घ्यायचं आणि ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की आपोआप बंद होणारा स्विच) लावायचीच, भाडेकरूची लहान मुलं असतात.

वॉटरप्रूफिंगवर पैसे वाचवू नका. बाथरूम खालच्या स्लॅबपर्यंत उघडायचं, पाईपच्या भोवतीची भोकं ग्राउटने भरायची, कोपऱ्यांना गोलाई, मग कोटिंगचे दोन हात, भिंतीवरही चढवून. मग नहाणी बुजवून पाणी भरायचं आणि निदान ४८ तास ठेवायचं, पातळीला पेन्सिलची रेघ मारून. खालच्या घरात जाऊन छत बघायचं. ठेकेदार म्हणतो चोवीस तास पुरेत. त्याला दुसरी साईट धरायची असते.

आमची खरी पंचाईत वरच्या बाथरूमची. एका घराचं नळ-संडास दुसऱ्याच्या छतात गळत असेल तर सोसायटी मध्ये पडत नाही, त्या त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायचं असतं. म्हणजे नियम आमच्या बाजूने होता. काकू एकट्या राहतात, मुलगा बंगलोरला. पहिल्या दिवशी मी उपविधीचा कागदच घेऊन वर गेलो, त्यांनी दार अर्धं उघडलं आणि "आमच्याकडे काही गळत नाही" म्हणून लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी बायको गेली. काकू खाली आल्या, जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबत, आमच्या बाथरूममध्ये उभं राहून वर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे माझं?" शेवटी अर्धा खर्च आमचा असं ठरलं आणि आठ दिवस त्या अंघोळीला आमच्या साईटवरच्या दुसऱ्या नळावर पाणी तापवून घेत होत्या. वॉटरप्रूफिंगचे एकूण ३८ हजार झाले, त्यातले १९ दुसऱ्याच्या घरात. मला एक पैशाचं वाईट वाटत नाही, वरचं न करता खालचं केलं असतं तर ते वाया होतं.

बाकी फरशी आणि डॅडो मजुरीसकट १ लाख ५ हजार, प्लंबिंग ७२, वायरिंग ६४, रंग ४२, खिडक्या ४१, ओटा ३४, उरलेलं स्लॅब, तोडफोड आणि किरकोळ. बजेट साडेतीन होतं. हॉलमधली जुनी मोझॅक फरशी मी उखडली याचं मात्र आता वाईट वाटतं, पॉलिश करून पंधरा हजारांत मस्त झाली असती. फॉल्स सीलिंग, वॉलपेपर, मॉड्युलर किचनचा महागडा सेट यातलं काही करू नका. भाडेकरू काय बघतो? पाण्याची धार, उजेड, बाथरूम, जाळीच्या खिडक्या, कपडे वाळत घालायची जागा.

मजुरांचं : कामाच्या टप्प्यावर पैसे, आगाऊ कमीत कमी, शेवटचे दहा टक्के पंधरा दिवसांनी. मटेरियल स्वतः आणलं तर स्वस्त पडतं पण वेळ जातो, नोकरी असेल तर प्लंबिंग आणि वायरचं मटेरियल तेवढं स्वतः आणा, कारण तिथेच हलका माल भिंतीत गाडला जातो. आणि भिंती बंद करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा पाईप-वायर दिसणारा फोटो, शेजारी टेप लावून. नंतर पडद्याचा रॉड लावताना देव आठवत नाही.

सातवी : भाडं, टॅक्स, आणि मग विक्री

भाड्याचा लीव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात रजिस्टर करावाच लागतो, ११ महिन्यांचा असला तरी. स्टँप ड्युटी एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या धरलेल्या व्याजावर पाव टक्का, शहरात रजिस्ट्रेशन फी हजार रुपये, घरी येऊन बोटांचे ठसे घेऊन जातात. पोलीस व्हेरिफिकेशन करा. सोसायटी नॉन ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून चार्ज, लावते, तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकत करात ४० टक्के सवलत असते, भाड्याने दिलं की ती जाते, हे हिशोबात धरा. आम्हाला एप्रिल २०२५ पासून साडेसतरा हजार भाडं येतंय, व्याज त्याच्यापेक्षा जास्त जातं, म्हणजे महिन्याला चार-पाच हजार खिशातून. हे न झेपणाऱ्याने उतरू नये.

टॅक्समध्ये भाड्यातून मिळकत कर आणि ३० टक्के सरसकट वजावट मिळते. विकताना २४ महिन्यांपेक्षा जास्त धरलेलं असेल तर लाँग टर्म, म्हणजे नफ्यावर साडेबारा टक्के आणि वर सेस, आमच्यासारख्यांनी जुलै २०२४ नंतर घेतलं असेल तर इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं, नाही. स्टँप ड्युटी, ब्रोकर आणि घर सुधारण्याचा खर्च नफ्यातून वजा होतो, पण बिल पाहिजे आणि पैसे बँकेतून गेलेले असले तर दाखवायला सोपं. गवंड्याला रोख दिलेले आमचे साठ हजार असेच हवेत गेले, त्याची कच्ची चिठ्ठी आहे, तिच्यावर चहाचा डाग आणि "भरून पावलो" एवढंच.

आमचे २४ महिने नोव्हेंबर २०२६ मध्ये भरतात. ब्रोकरला अजून सांगितलेलं नाही, पण गिऱ्हाईक एक आलंय. काकूंच्या मुलाचा बंगलोरहून फोन होता, आईचे गुडघे गेलेत, एक मजला तरी कमी होईल, वरचा विकून खालचा घेऊ का म्हणत होता. मागच्या रविवारी काकू स्वतः बघायला आल्या, भाडेकरूंना सांगून ठेवलं होतं. हॉल, किचन, खिडक्या काही बघितलं नाही, सरळ बाथरूममध्ये गेल्या, भिंतीला हात लावला, मान वर करून छताकडे बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "आता वरून काही गळत नाही ना रे?"